सोमवारची नळी

आमच्या वन्संनी आयुष्यात कुणालाही असा पहिला प्रश्न विचारलेला नाही, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक नव्हतं. हे मी तीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी चहाची गाळणी शोधत होते. वन्सं मागून आल्या आणि म्हणाल्या, "तुझं माहेर खेडचं ना?" माझं माहेर हेदवीचं. हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण हेदवीला येऊन, गणपतीला हात जोडून, आमच्या ओटीवर बसून पाच मोदक खाऊन मला पसंत करून गेलेल्या मंडळींत त्याही होत्या. नव्या नवरीनं थोरल्या नणंदेला पहिल्याच दिवशी खोटं कसं पाडायचं म्हणून मी 'हो' म्हणणार होते. पण माहेरच्या बाबतीत जीभ ऐकत नाही. "नाही हो, हेदवीचं," असं माझ्या तोंडून गेलंच. वन्संनी समाधानानं मान हलवली आणि मग खरा प्रश्न विचारला, "चहात साखर किती घेतेस?" आपण परीक्षेला बसलो होतो आणि पास झालो होतो हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रत्नागिरीतल्या एका रक्तपेढीत त्यांनी टेक्निशियन म्हणून सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या मागल्या अंगाच्या दोन खोल्यांत त्या राहतात आणि दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवतात. त्यांचा सगळा स्वभाव त्या रक्तपेढीच्या टेबलावर घडलेला आहे. तिथलं काम सकाळी सुरू होतं ते पेशंटच्या रक्तानं नाही, ओळखीच्या रक्तानं. निळ्या बाटलीतल्या औषधाचा थेंब ए गटाच्या रक्तात पडला की रक्ताची गुठळी झाली पाहिजे, आणि बी गटाच्या रक्तात पडला तर काहीही होता कामा नये. पिवळ्या बाटलीचं याच्या उलट. ज्याचा गट आपल्याला ठाऊक आहे अशा रक्तावर रोज सकाळी बाटल्या तपासायच्या आणि मगच अनोळखी रक्ताला हात लावायचा, याला कंट्रोल म्हणतात. हे मला वन्संनी इतक्या वेळा समजावलं आहे की मी झोपेतसुद्धा सांगेन. बाटली 'हो'च्या ठिकाणी 'हो' म्हणते का, आणि 'नाही'च्या ठिकाणी 'नाही' म्हणते का, दोन्ही बघायचं. त्यातही वन्संचा जीव 'नाही'वर जास्त. कशालाही हो म्हणणारी बाटली आणि कशालाही हो म्हणणारा माणूस, दोघं एक दिवस कुणाचा तरी जीव घेतील, असं त्या मला नेहमी सांगत. सांगताना माझ्याकडे जरा जास्तच बघत.

आता हे ओळखीचं रक्त रोज आणायचं कुठून? मोठ्या ठिकाणी ते विकत येतं म्हणे. वन्संनी घरचंच चालवलं. ए गटाच्या त्या स्वतः. बी गटाचा तिथला शिपाई. आणि ओ गटाचे आमचे हे. यांची शिरगावला आंब्याची कलमं आहेत, तिकडे जाता जाता दर सोमवारी सकाळी हे रक्तपेढीत थांबायचे, हाताला सुई टोचून घ्यायचे, एक छोटी नळी भरून द्यायचे आणि तिथला बिनदुधाचा चहा पिऊन पुढं जायचे. या एका नळीवर यांनी जो तोरा मिरवला त्याला तोड नाही. सोमवारी इस्त्रीचा शर्ट. कलमांना फवारणी करायची असली तरी इस्त्रीचा शर्ट. कुणी विचारलं की काय हो, कुठं निघालात, तर हे म्हणणार, "रक्तपेढीत. माझ्याशिवाय त्यांचं उघडत नाही." एकदा एका बारशाला यांनी पाळण्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की रत्नागिरीत कुणालाही रक्त चढायचं तर आधी माझी परवानगी लागते. वन्सं तिथंच होत्या. मला वाटलं आता भावाला झापतील, पण त्या म्हणाल्या, "तसं खरंच आहे ते."

आणि तसं खरंच होतं, कारण यांच्या नळीतून नुसत्या ओ गटाच्या पेशी व्हायच्या नाहीत, 'चेक सेल'सुद्धा व्हायच्या. हे जरा नीट सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. पेशंटचं रक्त आणि पिशवीतलं रक्त जुळतं का हे बघताना शेवटी नळीत एक औषध घालतात. गुठळी झाली तर भानगड आहे, नाही झाली तर रक्त द्यायला हरकत नाही. पण ते 'नाही' खरं कशावरून? औषधच मेलेलं असेल तर? म्हणून त्याच नळीत वरून चेक सेल टाकायच्या. या पेशींना आधीच असा लेप दिलेला असतो की औषध जिवंत असेल तर त्यांची गुठळी झालीच पाहिजे. झाली तर मघाचं 'नाही' खरं. नाही झाली तर सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून पुन्हा, मग बाहेर कुणी का बोंबलत असेना. बाहेर लोक बोंबलतही. खिडकीवर वन्संनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'किती वेळ लागेल हे विचारू नये.' कुणी विचारलंच तर त्या बोलत नसत, पेन्सिलीनं पाटी दाखवत.

हे सगळं रक्तपेढीत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण वन्सं कंट्रोल घेऊन घरी येत. रविवारी त्यांच्या पानाशेजारी मला दोन वाट्या जास्तीच्या ठेवाव्या लागत. एकीत चिमूटभर मीठ, दुसरीत साधं पाणी. आधी मीठ जिभेवर, मग पाण्याचा घोट, आणि मग माझी आमटी. आज जीभ चालू आहे की नाही हे कळल्याशिवाय दुसऱ्याच्या आमटीला नावं कशी ठेवायची, असा त्यांचा सवाल. एका रविवारी त्यांना सर्दी झाली होती. मीठ लागेना. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि जाहीर केलं की आज कंट्रोल फेल, आज आमटीबद्दल मत नाही. ती आमटी मी जन्मात केली नाही इतकी झकास झाली होती. हे बोटं चाटत होते. वन्संनी तीन वाट्या खाल्ल्या आणि शेवटपर्यंत एक अवाक्षर काढलं नाही. मी त्या दिवशी भांडी जरा आपटूनच घासली.

आंब्याच्या दिवसांत त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. घरची कलमं असून ही बाई दुसऱ्यांकडचे आंबे बघायला जाते, हे एक. वर पिशवीत घरचा एक पायरी नेणार. विक्रेत्यापुढं तो धरून अगदी भोळेपणानं विचारणार, "हा हापूसच ना हो?" गिऱ्हाईक खूष राहावं म्हणून 'हो हो, अस्सल' म्हणणारे सगळे त्यांच्या यादीतून कायमचे बाद. साळवी स्टॉपच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मात्र आंबा हातात घेतला, देठापाशी वास घेतला आणि म्हणाला, "बाई, पायरी हाय हो. तुमाला कुनी फसवलान?" वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्याकडून गरज नसताना दोन डझन घेतले. घरी आंब्यांचा खच पडलेला आणि त्यात हे दोन डझन. मी बोलले तर म्हणतात, माणूस मिळाला, आंब्यांचं काय घेऊन बसलीस.

त्यांचं स्वतःचं लग्न राहिलं ते याच पायी, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. स्थळ दाभोळचं होतं. मुलगा मुंबईला नोकरीला. वन्संनी पोहे देताना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" दाभोळचे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "आम्ही मुंबईचेच." वन्संनी नकार कळवला. त्यानं पुढं मुंबईत मोठा फ्लॅट घेतला, गाडी घेतली, हे सासूबाई शेवटपर्यंत ऐकवत राहिल्या, आणि वन्संचं उत्तर शेवटपर्यंत एकच होतं, "घेतला असेल. बाटली खराब होती." आमच्या जावयाची निवडसुद्धा त्यांनीच केली. चष्मा लावून समोर बसलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, "तुम्हाला चष्मा आहे का?" बिचारी त्याची आई गोंधळली, आमच्या लेकीनं डोकं धरलं. तो मुलगा मात्र जराही न हसता म्हणाला, "हो, आहे. दोन्ही डोळ्यांना." वन्सं आत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "पॉझिटिव्ह आला. देऊन टाक."

माणसांची नावं त्या विसरतात, गट विसरत नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्या क्षणभर कपाळाला आठ्या घालून बघतात आणि मग चेहरा उजळतो, "अगो, तू बी निगेटिव्ह ना? आई कशी आहे?" एका लग्नात भर पंगतीत जिलबी वाढत असताना त्या वराच्या आईला म्हणाल्या की मुलगी निगेटिव्ह आहे, तुमचा मुलगा पॉझिटिव्ह, पहिल्या बाळंतपणात इंजेक्शन विसरू नका. वराची आई लाल झाली. अजून अंगावरच्या अक्षता झटकायच्या होत्या आणि ही बाई बाळंतपणाला पोचलेली. पण दीड वर्षानं तीच बाई पेढे घेऊन आमच्या दारात आली, आणि इंजेक्शनची आठवण डॉक्टरांनी काढायच्या आधी आम्हीच काढली म्हणून सांगून गेली. माझा गट एबी. त्यावरून वन्सं मला तीस वर्षं छळत आल्या आहेत. एबीवाल्याला कुणाचंही रक्त चालतं, पण त्याचं रक्त फक्त एबीवाल्यालाच. "घेताना सगळ्यांकडून, देताना हात आखडता," असं म्हणून त्या माझ्याच हातची तिसरी पोळी वाढून घेतात.

मी विजेच्या ऑफिसात बिलांच्या टेबलावर काम करते. माझ्या टेबलाचा आणि वीज जाण्याचा काडीचा संबंध नाही. पण रक्तपेढीतली वीज गेली की फोन मला. बाटल्या फ्रिजमधून बाहेर राहिल्या की बिघडतात, तेव्हा तुझी वीज नीट पाठव, असं त्या मला सुनावत, जणू मी ती डब्यात भरून पाठवते. एकदा कोल्हापूरकडचा एक विक्रेता बाटल्यांचं खोकं घेऊन आला. खोक्यातलं बर्फ आंबा घाटातच पाणी होऊन गेलं होतं. "बाई, माल फस्क्लास हाय बघा, कायबी होत न्हाई त्याला," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. वन्संनी त्याला खुर्ची दिली, सोलकढी दिली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या बोटातून रक्त काढून काचेवर निळा थेंब टाकला. हातात घड्याळ. गुठळी आली, पण आळसटलेली, उशिरा आलेली. त्यांनी घड्याळ त्याच्यापुढं धरलं, खोकं बंद केलं आणि परत त्याच्या मांडीवर ठेवलं. तो जाताना म्हणाला की बाई, एवढं कुणी बघत नाही. वन्सं म्हणाल्या, म्हणून तर मी बघते.

नोकरीचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा ही बाई पहिल्यांदा झोप उडाल्यासारखी दिसायला लागली. निरोपसमारंभ, शाल-नारळ, कशाची फिकीर नव्हती. एकच घोर होता: माझ्यामागं हे कोण करील? नवीन यंत्रं येतील, नवीन कार्डं येतील, पण पेशंट दारात आल्यावर आणि नातेवाईक डोक्यावर बसल्यावर 'थांबा' कोण म्हणेल? त्यांच्या जागी आलेली मुलगी खेडच्या आतल्या गावची. वडील मुंबईला, आई शेती बघते. मुलगी हुशार, हात चपळ, पण सारखी हसणारी. नळी हलवताना गाणं गुणगुणणारी. हसणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही असं वन्संचं ठाम मत. त्यांनी तिची परीक्षा घ्यायची म्हणून काय काय केलं हे ऐकून मला घाम फुटला. स्वतःचंच रक्त दुसऱ्याच्या नावानं तिच्याकडं तपासायला दिलं. ए पॉझिटिव्ह आलं. मग बाटल्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवली. मुलीनं सकाळच्या कंट्रोललाच पकडलं, आणि हसत हसत विचारलं, "मॅडम, ह्यो उद्योग तुमचाच ना?" घरी येऊन वन्सं म्हणाल्या की कामात चूक नाही तिची. पण हे सगळं शांततेतलं. कुणी रडत, ओरडत समोर उभं राहिलं की काय करील, ते कसं तपासणार? त्याचा कंट्रोल त्यांच्याकडं नव्हता. तो घोर घेऊनच त्या निवृत्त झाल्या.

त्यानंतर महिनाभरात, ऐन आंब्याच्या दिवसांत, आमचे हे पडले. वानरं कलमांवर आली म्हणून काठी घेऊन बागेच्या कुंपणाला असलेल्या जांभ्याच्या गडग्यावर चढले. वय साठीकडं झुकलेलं, आणि गडग्यावर चढायला पाहिजेच होतं. वरचा चिरा सुटला आणि हे चिऱ्यासकट खाली. मांडीचं हाड मोडलं. गड्यानं फोन केला, मी ऑफिसातून तशीच धावले. दवाखान्यात पोचले तेव्हा यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मांडी सुजून दुप्पट झाली होती. डॉक्टर म्हणाले, आत रक्त खूप गेलंय, दोन पिशव्या हातात आल्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही, आणि फार वेळही थांबता येणार नाही. यांच्या रक्ताचा नमुना घेऊन मी रक्तपेढीत निघाले. निरोप मिळताच दवाखान्यात आलेल्या वन्सं रिक्षात माझ्याशेजारी बसल्या होत्या.  रिक्षावाल्याला रस्ता माहीत आहे का म्हणून त्यांनी नेहमीसारखा भलताच पत्ता विचारून पाहिला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रक्तपेढीत खेडची मुलगी एकटीच होती. तिनं नमुना घेतला, यांचं नाव वाचलं आणि तिचं हसू गेलं. वन्सं सवयीनं दार ढकलून आत निघाल्या. मुलगी म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही नातेवाईक." वन्सं बाहेर आल्या. पण खुर्चीवर बसल्या नाहीत. खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि तिच्या हातांकडं बघत राहिल्या. मग त्यांच्याच अक्षरातल्या त्यांच्याच पाटीखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?" उत्तर त्यांच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीनं वर पाहिलं आणि नळ्या गरम पाण्यात ठेवल्या. पाऊण तास. त्या पाऊण तासात वन्संनी तोच प्रश्न तीनदा विचारला. मग नळ्या बाहेर आल्या. आता मिठाच्या पाण्यानं पेशी तीनदा धुवायच्या, कारण धुणं कमी पडलं तर औषध मरतं; मग औषध, मग चेक सेल. पहिलं धुणं झालं, दुसरं झालं. वन्संनी काचेवर बोटांनी टकटक केली आणि म्हणाल्या, पुरे, घाल आता औषध.

मी बघत होते. मुलीनं औषध घातलं. नळ्या फिरवल्या, उजेडाला धरल्या. गुठळी नाही. वन्संनी श्वास सोडला. मग मुलीनं चेक सेल घातल्या, पुन्हा फिरवल्या, पुन्हा उजेडाला धरल्या, आणि नळी हलवत राहिली. हलवत राहिली. रक्त नुसतं तांबड्या पाण्यासारखं इकडून तिकडं वाहत होतं. ती खिडकीशी आली. चेक सेल धरत नाहीत, पुन्हा लावते, म्हणाली. आणि मग मी माझ्या कानांनी जे ऐकलं ते मला अजून खरं वाटत नाही. वन्सं म्हणाल्या, "अगो, पेशी जुन्या झाल्या असतील. जुळतंय ते, मला दिसतंय. दे पिशवी, मी सही करते."

मुलीचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "पेशी जुन्या नाहीत, मॅडम. दादांच्याच हायत, सोमवारच्या नळीतल्या. आज सकाळी धरत होत्या. तुम्ही टकटक केलीत नि माझं तिसरं धुणं राहिलं. चूक माझी. तुम्ही वाईच तिकडं बसा."

 वन्सं वळल्या आणि भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत येऊन बसल्या. त्या खुर्चीत त्यांनी इतकी वर्षं रत्नागिरी बसवली होती, स्वतः कधी बसल्या नव्हत्या. मला राग आला होता. खरं सांगते, तिघांचाही आला होता, त्या मुलीचा, वन्संचा आणि गडग्यावर चढणाऱ्या माझ्या नवऱ्याचा. माझा माणूस तिकडं पांढरा पडत चाललाय आणि त्याचंच सोमवारचं रक्त त्याची पिशवी अडवून बसलंय. मी काहीतरी तोडून बोलणार होते. तेवढ्यात वन्संनी माझा हात धरला.  "थांबली गो ती," त्या म्हणाल्या. "मी समोर असताना थांबली." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. ते समाधान होतं की भीती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. बऱ्याच वेळानं त्यांनी पदर खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "राहील ना गो तो?"

तीस वर्षांत आधी कंट्रोल न लावता त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी म्हटलं, "हो." आणि या बाईनं, जिनं उभ्या जन्मात कुणाचं 'हो' तपासल्याशिवाय घेतलं नाही, ते तसंच घेतलं आणि मान हलवली.

दुसऱ्या वेळी तीन धुणी झाली. वन्संनी खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही, पाठ करून बसल्या होत्या. चेक सेलची गुठळी आली तशी मुलीनं नळी आतूनच उंच धरून मला दाखवली. मला त्यातलं काय कळतंय, पण तांबडा ठिपका दिसला, नळी हलवली तरी न फुटणारा. दोन्ही पिशव्या मिळाल्या, ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. तिसऱ्या दिवशी हे नर्सबाईंना सांगत होते की माझ्याशिवाय इथं कुणाला रक्त मिळत नाही, मलासुद्धा माझ्याशिवाय मिळालं नाही. मी नंतर वन्संना विचारलं की मग पहिल्या वेळीसुद्धा रक्त जुळतच होतं ना? पाऊण तास आपला फुकट गेला? "जुळत होतं," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?"

आता चारेक महिने यांची नळी चालणार नाही. दुसऱ्यांचं रक्त चढलंय, म्हणून यांचं रक्त सध्या भेसळीचं. हे ऐकून यांना मांडीपेक्षा जास्त दुखलं. तरी सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट मागतात आणि वॉकर घेऊन पडवीत बसतात. ओ गटाची नळी तूर्त खेडची मुलगी स्वतःची देते. तिचाही ओच निघाला, आणि वन्सं म्हणतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वन्सं सोमवारी ए गटाची नळी द्यायला अजून जातात. जाऊन आपल्या पाटीखाली खुर्चीत बसतात. किती वेळ लागेल हे विचारत नाहीत. तिथल्या कुणा घाबरलेल्या नातेवाइकानं विचारलं तर त्याच्याशी बोलत बसतात, त्याचं गाव कुठलं, घरी कोण कोण. ही नवीनच सवय आहे.

हे घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. म्हणजे ते दोघं बसले, मी वाढत होते. आठ दिवसांच्या धावपळीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, वन्संच्या पानाशेजारी मिठाची आणि पाण्याची वाटी ठेवायची मी साफ विसरले. त्यांनी मागितली नाही. आमटीचा भुरका मारला. मी सवयीनं विचारलं, बरी झालीय का? यांनी काही बोलायला तोंड उघडलं. वन्संनी यांच्याकडं एकदा पाहिलं, आणि यांनी निमूट भात कालवला. "छान झालीय," वन्सं म्हणाल्या, आणि वाटी पुढं केली, "वाढ आणखी." दोघंही जेवून उठले. मग मी माझं पान घेतलं, आमटी ओतली आणि पहिला घास घेतला. आमटीत मीठच नव्हतं.